इंजिन बदलल्यावर गाडी अडते ती तारांपाशी
(प्रस्तावना)

आटपाडी तालुक्यात गाडीचं इंजिन बदलणं ही हौस नसते. पिकअप, जुनी कमांडर, पाण्याचा टँकर ही इथे पोटाची साधनं आहेत. डाळिंबाचे क्रेट सौद्याला न्यायचे, शेळ्या-मेंढ्या बाजाराला न्यायच्या आणि पावसाने ओढ दिली की टाकी चढवून पाणी ओढायचं. अशा गाडीची चेसी धड असते, बॉडीला दोन-चार ठिकाणी पॅच मारलेले असतात, पण इंजिन रिंग-पिस्टनच्या उपायापलीकडे गेलेलं असतं. मालक मग दोन आकडे समोर ठेवतो. एक नव्या गाडीच्या हप्त्याचा आणि दुसरा कोल्हापूरहून किंवा थेट मुंबईच्या कुर्ल्याहून आणलेल्या जुन्या इंजिनाचा. बहुतेकदा दुसराच आकडा जिंकतो आणि पुढच्या आठवड्यात गॅरेजच्या दारात इंजिन येऊन पडतं.

लोखंडाचं काम मग धडाक्यात होतं. चेन ब्लॉकवर इंजिन उचललं जातं, माउंटिंगचे कान कापून नव्या जागी वेल्ड होतात, जॉइंट शाफ्ट लेथवर आखूड होतो, रेडिएटरचे पाइप जुळवले जातात. दोन-तीन दिवसांत इंजिन जागेवर बसतं. नारळ फोडून चावी फिरवली की खरा खेळ सुरू होतो. सेल्फ कण्हतो. किंवा सेल्फ फिरतो पण गाडी पकडत नाही. किंवा पकडते आणि दोन सेकंदांत बंद पडते. किंवा उत्तम चालते, पण चावी काढली तरी थांबत नाही. दोन दिवसांत इंजिन बसवणारे हात इथे दोन आठवडे अडकतात, आणि मालक रोज येऊन विचारतो, "मेस्त्री, इंजिन तर चांगलं हाय म्हणालासा, मग आता काय झालं?"

इंजिन चांगलंच असतं. ही पुस्तिका त्या दोन आठवड्यांविषयी आहे.

आपल्याकडे लोखंड कळतं आणि तार कळत नाही, याला कारण आहे. आटपाडी औंध संस्थानातली. त्याच संस्थानाने लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळच्या माळावर जागा दिली आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढे विहिरी-विहिरींवर ऑइल इंजिनं आली. हँडल मारून ती चालू करणारी, नॉझल खोलून साफ करणारी, व्हॉल्व्ह घासून बसवणारी माणसं गावोगाव तयार झाली. त्या इंजिनाला एकही वायर नव्हती. हवा दाबली की ती तापते, तापलेल्या हवेत डिझेल फवारलं की ते पेटतं. एकदा फिरायला लागलेल्या इंजिनाला विजेची गरजच नाही. या शाळेत शिकलेला फिटर आवाजावरून टायमिंग सांगेल, धुरावरून रिंगा सांगेल. पण वायरचा गुंता दिसला की 'वायरमनला बोलवा' म्हणून हात पुसत बाजूला होईल.

आटपाडीहून फार लांब नसलेल्या देवराष्ट्र्याचं उदाहरण या बाबतीत बोलकं आहे. कडेगाव तालुक्यातल्या या गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले भाग आणि दुचाकीचं इंजिन वापरून सुमारे ६० हजार रुपयांत छोटी जीप बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ देशभर फिरला. उद्योगपती आनंद महिंद्रांनी दखल घेतली, आणि जानेवारी २०२२ मध्ये त्या जीपच्या बदल्यात लोहार कुटुंबाच्या दारात बोलेरो आली. लोकांना मौज वाटली ती चारचाकी किक मारून चालू होते याची. मला त्या किकमध्ये वायरिंगच दिसतं. गाडीतलं विजेचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे सेल्फ. किक ठेवली की ते गिऱ्हाईक गेलं, त्याच्यासाठी लागणारी मोठी बॅटरी गेली, जाड केबल गेली, आणि इंजिनबदलात सर्वाधिक माणसं जिथे अडतात ती अर्थची भानगडही गेली. आपल्याला मात्र पिकअपला किक लावता येत नाही. म्हणून अर्थपासूनच सुरुवात करू.

त्याआधी या पुस्तिकेत सगळीकडे धरलेलं सूत्र सांगतो. इंजिन मूळ गाडीत असताना त्याला बऱ्याच गोष्टी न मागता मिळत होत्या. चेसीकडे परतीचा रस्ता, डॅशबोर्डवरच्या दिव्यातून येणारा थोडासा करंट, चावीची ओळख. त्या कोणाच्या नजरेत भरत नव्हत्या, कारण त्या बिघडत नव्हत्या. इंजिन उचलून आणताना आपण लोखंड आणतो आणि या गोष्टी मागे ठेवतो. इंजिनबदलातले विजेचे बहुतेक बिघाड म्हणजे खराब झालेला भाग नव्हे, मागे राहिलेला भाग. जो मेस्त्री पार्ट बदलत सुटतो त्याला तो सापडत नाही, कारण जे गाडीत नाहीच ते बदलणार कसं?

अर्थ हा त्यातला पहिला. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं आणि रबर वीज नेत नाही. म्हणून कंपनी इंजिन ब्लॉकपासून चेसीपर्यंत विणलेल्या तांब्याची पट्टी लावते. इंजिन भंगारात निघताना ती पट्टी कापली जाते आणि नव्या घरी तिची आठवण कोणाला येत नाही. मग सेल्फ मारला की करंट मिळेल त्या वाटेने बॅटरीकडे परत जातो: अ‍ॅक्सिलरेटर केबल, क्लच केबल, स्पीडोमीटरची केबल. सेल्फ मारताना अ‍ॅक्सिलरेटर केबलमधून धूर निघाला की लोक केबल बदलतात. नवी केबलही तशीच जळते.

पट्टी लावली म्हणजे काम झालं, असंही नाही. डिझेल गाडीचा सेल्फ फिरताना २०० अँपिअर, प्रसंगी त्याहून जास्त करंट ओढतो. रंगावर किंवा गंजावर घट्ट केलेल्या बोल्टचा अडथळा अवघा ०.०१ ओहम धरा. २०० ला ०.०१ ने गुणलं की २ व्होल्ट. ते तिथेच, त्या बोल्टपाशी, उष्णता होऊन संपले. सेल्फ फिरताना बॅटरी तशीही साडेदहा व्होल्टच्या आसपास उतरलेली असते. त्यातले २ गेले की सेल्फच्या वाट्याला साडेआठ येतात आणि तो कण्हतो. आपण म्हणतो सेल्फ गेला, कार्बन घाला, बुश बदला.

इथे मल्टीमीटर फसवतो. 'पिप्' वाजवून कंटिन्युइटी बघण्याची सवय सगळ्यांना आहे. ती तार तुटली आहे की नाही एवढंच सांगते. पन्नास बटांतली एक बट शिल्लक असली तरी मीटर पिप् करतो, आणि ०.०१ ओहम तर आपल्या साध्या मीटरला दिसतच नाही. म्हणून मापायचं ते भार चालू असताना, आणि ओहम नव्हे तर व्होल्ट. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक इंजिन ब्लॉकच्या खरवडलेल्या लोखंडावर, दुसरं थेट बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर. क्लॅम्पवर नको, कारण क्लॅम्प आणि खुंटी यांच्यातला गंजही आपल्याला पकडायचा आहे. सोबत्याला सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.२ व्होल्टच्या आत हवा. तो १ किंवा २ दिसला तर सेल्फ खोलायचं कारण नाही. हेच माप पॉझिटिव्ह बाजूला बॅटरीची खुंटी आणि सेल्फचा जाड बोल्ट यांच्यात घ्या, तिथे ०.५ पर्यंत चालेल. या एका परीक्षेला पुस्तिकेत सर्वाधिक पानं दिली आहेत. एवढी एकच गोष्ट कोणी इथून उचलली तरी पुस्तिकेचे पैसे वसूल झाले असं मी समजेन.

मागे राहणारी दुसरी वस्तू दिसायला अगदी क्षुल्लक आहे: डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा. बऱ्याच अल्टरनेटरना वीज तयार करायला सुरुवातीला थोडा करंट बाहेरून लागतो आणि तो याच दिव्यातून जातो. इंजिन बदलताना डॅशबोर्डचा मीटर जुनाच राहिला आणि ती बारीक तार कुठेच जोडली नाही, तर अल्टरनेटर फिरतो पण चार्ज करत नाही. काही वेळा एकदा जोरात रेस केली की तो आपोआप जागा होतो, त्यामुळे गोंधळ वाढतो: सकाळी चार्जिंग नाही, विट्याचा रस्ता धरून भिवघाट चढला की चार्जिंग आहे. मालक म्हणतो, "गाडी तापली की बरी चालतीया." साध्या दोन-तीन वॅटच्या बल्बऐवजी एलईडी बसवला तरी हाच त्रास होऊ शकतो, कारण एलईडीतून पुरेसा करंट जात नाही. निदान सोपं आहे. इंजिन बंद असताना चार्ज झालेली बॅटरी १२.६ च्या आसपास असते आणि इंजिन चालू असताना तिच्या खुंट्यांवर १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. नाही दिसले तर डायनामोवाल्याकडे धावण्याआधी चावी चालू करून दिवा लागतो का ते बघा.

याच तारेचं उलटं दुखणं म्हणजे चावी काढूनही न थांबणारी गाडी. इंजिन फिरत असताना अल्टरनेटर त्या बारीक तारेतून, दिव्यामार्गे, चावीच्या लाइनमध्ये उलटा करंट ढकलतो. जुन्या रचनेत तो कोणाला पुरत नसे. पण आपण नव्या इंजिनासाठी चावीच्या लाइनवर रिले बसवलेला असतो, आणि एकदा ओढलेला रिले धरून ठेवायला फार थोडा करंट पुरतो. रिले सुटत नाही, पंपावरचा सोलेनॉइड उघडाच राहतो, इंजिन चालत राहतं. दिव्याच्या तारेत योग्य दिशेने एक डायोड घातला की प्रश्न मिटतो. रिलेची ३०, ८५, ८६, ८७ ही नंबरांची पिनं आणि डायोडची दिशा यांची आकृती पुढे मोठी करून छापली आहे, कारण गॅरेजच्या उजेडात बारीक अक्षर कोणी वाचत नाही.

मीटरच्या काट्यांबद्दल इथे थोडक्यातच. तापमानाचा सेन्सर आणि मीटर ही एका कंपनीची जोडी असते. एकाचा सेन्सर आणि दुसऱ्याचा मीटर घेतला तर काटा खोटं बोलतो. शक्य तिथे जुन्या गाडीचाच सेन्सर आटे जुळवून नव्या इंजिनात बसवावा. तो बसवताना आट्यांवर टेफ्लॉन टेप भरमसाट गुंडाळू नये. एका तारेच्या सेन्सरला अर्थ त्याच्या आट्यांतूनच मिळतो. टेपमुळे पाणी थांबतं आणि कधी कधी अर्थही.

इथवर जुन्या जीप-कमांडरच्या जगातली दुखणी झाली. कॉमन रेल इंजिनं भंगारात यायला लागली आणि काम पालटलं. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस ४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ हे धुराचे निकष लागू झाले. तेव्हापासूनच्या इंजिनाला विजेशिवाय चालताच येत नाही. डिझेल किती आणि कधी फवारायचं ते ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो, आणि त्यासाठी त्याला क्रँक सेन्सर, कॅम सेन्सर, रेलचा दाब, पेडलची स्थिती हे सगळं कळावं लागतं. इथे माझा पहिला सल्ला मेस्त्रीला नाही, मालकाला आहे. इंजिन विकत घेताना हार्नेस कापून घेऊ नका. ईसीएम, त्याच गाडीची चावी, चावीभोवतीची रिंग आणि इमोबिलायझर, अ‍ॅक्सिलरेटर पेडल, फ्यूज बॉक्स, जमलं तर मीटरसुद्धा त्याच गाडीचा आणा. भंगारवाला या गोष्टींचे वेगळे पैसे मागेल. द्या. नंतर त्या कोणत्याच किमतीला मिळत नाहीत.

चालू होऊन दोन सेकंदांत बंद पडणारी गाडी बहुधा चावीवर अडलेली असते. चावीतली चिप, इमोबिलायझर आणि ईसीएम एकमेकांना ओळखतात, आणि त्यांतला एक परका आला की डिझेल बंद. पेडलचंही तसंच. त्यात दोन मापं असतात आणि अनेक गाड्यांत एकाचा व्होल्ट दुसऱ्याच्या दुप्पट असतो. ईसीएम दोन्ही ताडून बघतो. दुसऱ्या गाडीचं पेडल लावलं की हिशेब जुळत नाही आणि गाडी रेस घेत नाही. फ्लायव्हील अदलाबदल केलं आणि क्रँक सेन्सरला दात वेगळे दिसले, तर सेल्फ कितीही फिरवा, ईसीएमच्या लेखी इंजिन फिरतच नाही.

स्कॅनरवर एकदम पाच-सहा सेन्सरचे कोड आले तर घाबरू नका, आणि पाच-सहा सेन्सर मागवूही नका. ईसीएम बऱ्याच सेन्सरना ५ व्होल्टचा एकच सामाईक पुरवठा देतो. त्यातला एक शॉर्ट झाला की सगळ्यांचा पुरवठा बसतो. मीटर त्या ५ व्होल्टच्या तारेवर ठेवा आणि एकेक कपलर काढत जा. ज्याच्या वेळी आकडा परत ५ वर उडी मारतो तो गुन्हेगार. बाकीचे निर्दोष.

अलीकडच्या गाड्यांत ईसीएम, एबीएस आणि मीटर एकमेकांशी दोन पीळ दिलेल्या तारांवरून बोलतात. बॉश कंपनीने १९८६ मध्ये जगापुढे मांडलेली ही कॅन पद्धत. तिच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, म्हणून बॅटरी काढून दोन्ही तारांमध्ये मोजलं तर ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एक टोक हरवलं आहे. बऱ्याचदा ते इंजिनाच्या मूळ गाडीच्या मीटरमध्ये किंवा एबीएसच्या डब्यात असतं आणि तो डबा अजून भंगारवाल्याच्या शेडमध्ये पडलेला असतो.

टेस्ट लॅम्पचं काय करायचं, हा प्रश्न हमखास येतो. फेकू नका. बारा व्होल्टच्या पुरवठ्याला तो मीटरपेक्षा खरा साक्षीदार आहे. गंजलेल्या तारेवर मीटर १२ दाखवेल, पण ५५ वॅटचा हेडलाइटचा बल्ब लावला की त्या तारेचं पितळ उघडं पडतं. मात्र ईसीएमच्या आणि सेन्सरच्या तारांवर तोच लॅम्प लावला तर आतलं सर्किट जाऊ शकतं. तिथे फक्त मीटर. इंजेक्टरच्या कपलरला चालू इंजिनावर हात लावू नका. तिथे ईसीएम १२ चे कित्येक पट व्होल्ट करून पाठवतो आणि झटका बसतो.

वेल्डिंगची गोष्ट ठळक अक्षरात छापायला सांगितली आहे. माउंटिंग वेल्ड करताना बॅटरीची दोन्ही टोकं आणि ईसीएमचे कपलर काढलेले हवेत आणि वेल्डिंगची अर्थ क्लॅम्प जोडाच्या अगदी जवळ हवी. इंजिन आधी बसवून, तारा जोडून, मग 'जरा एक टाका मारतो' म्हणणारे मेस्त्री मी बरेच पाहिले आहेत. त्या एका टाक्याची किंमत ईसीएमच्या किमतीइतकी होऊ शकते.

जोडकामाबद्दलही माझं मत स्पष्ट आहे. पिळून काळी टेप गुंडाळलेला जोड आपल्या उन्हाळ्यात आणि इंजिनाच्या उष्णतेत टिकत नाही. टेपचा चिकटा वितळतो, आतलं तांबं उघडं पडतं. सोल्डरिंग टिकतं, पण सोल्डर जिथे संपतं तिथे हादऱ्याने तार तुटते. चांगल्या पकडीने दाबलेलं थिंबल, त्यावर हीट श्रिंक नळी आणि जागोजागी क्लिप हे सर्वांत भरवशाचं. फ्यूज उडतो म्हणून त्याजागी तार लावणाऱ्याला माझी एकच विनंती: उडालेला फ्यूज जपून ठेवा, त्याच्यावर लिहिलेला अँपिअरचा आकडा त्या वायरची ताकद सांगतो.

आता कायदा. हा भाग लोकांना नको असतो, पण प्रस्तावनेतच सांगितलेला बरा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत असा फेरफार परवानगीशिवाय करता येत नाही, आणि मंजुरीने केलेला बदलही १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावा लागतो. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ आराखड्याविरुद्धचे बदल मान्य नाहीत असं म्हटलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफाराला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. देवराष्ट्र्याच्या जीपबद्दल खुद्द महिंद्रांनीच लिहिलं होतं की ती नियमांत बसत नाही आणि आज ना उद्या अडवली जाईल. त्यामुळे इंजिन त्याच जातीचं, बिलासह, नंबर वाचता येणारं घ्या, आरसी बुकावर नोंद करून घ्या आणि विमा कंपनीला कळवा. वेगळ्या जातीचं इंजिन घालायचं मनात असेल तर पैसे मोजण्याआधी सांगलीच्या आरटीओत विचारा. वायरिंग कितीही उत्तम केलं तरी अपघातानंतर आरसीवरचा आणि ब्लॉकवरचा नंबर जुळला नाही, तर दावा अडकतो.

पुस्तिकेतली प्रकरणं याच क्रमाने लावली आहेत: अर्थ, पुरवठा, चार्जिंग, बंद करण्याची लाइन, मीटर, सेन्सर, चावी, आणि सर्वांत शेवटी ईसीएम. हा क्रम मोडू नका. 'ईसीएम गेलाय' हे निदान आपल्या गॅरेजांत फार लवकर होतं, आणि बऱ्याच वेळा त्या ईसीएमला धड १२ व्होल्ट आणि धड अर्थही मिळालेला नसतो. आकृत्या मी जमतील तितक्या सोप्या ठेवल्या आहेत, पण एकाच मॉडेलच्या दोन वर्षांच्या गाड्यांत तारांचे रंग बदललेले असतात. तेव्हा तुमच्या गाडीशी जुळणार नाही ती आकृती पेनाने खुशाल खोडा आणि शेजारी खरा रंग लिहा. काम संपल्यावर एक कागद घ्या. कोणत्या रंगाची तार कुठे जोडली, कुठे डायोड घातला, कोणता रिले कशाचा, हे त्यावर मराठीत लिहा आणि तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. चार वर्षांनी ही गाडी दिघंचीच्या किंवा पंढरपूरच्या एखाद्या मेस्त्रीपुढे उभी राहील, तेव्हा तो कागद त्याच्या हाती पडू द्या.